गच्चीचं कुलूप

रविवार, २४ ऑगस्ट २०२५. महागाव

खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरीच होती. ह्यांनी पहिल्या पानावर ऐटीत 'सदाशिवराव' लिहून ठेवलं आणि विसरून गेले. आज मी ते खोडून खाली माझं नाव लिहिलं, सत्यभामा. घरात चार माणसं असून मनातलं बोलायला एक नाही, तर कागदाशीच बोलावं.

परवा पोळा झाला. सुनेला, मोनालीला, पाचवा महिना लागलाय. तिला पुरणपोळी आवडते म्हणून सगळा स्वयंपाक मी एकटीने केला, तिला गॅसपाशी फिरकू दिलं नाही. जेवून उठली, "मस्त झालती आई" म्हणाली आणि मोबाइल घेऊन सरळ गच्चीवर. आमच्या घराला दोन्ही बाजूंनी घरं चिकटलेली आहेत. त्यामुळे भर उन्हाळ्यातही आत कसं गार असतं, पण फोनला रेंज मिळते ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. रोज दुपारी बाईसाहेब तासभर तिथे. पलीकडे ढाणकीहून तिची आई हंसाबाई, म्हणजे माझी विहीण.

वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मी जिन्यात उभी राहिले. ऐकू येत होतं. ही सांगत होती, पोळ्या किती खाल्ल्या, कढीत काय होतं, भजी कशाची होती. रोज हेच विचारते म्हणे हंसाबाई, "आज काय जेवली वं?" काय जेवली म्हणजे काय? आम्ही काय पोरीला उपाशी ठेवतो? आणि सांगता सांगता मोनाली अशी खळखळून हसली की दोन वर्षांत मी ते हसणं ऐकलेलं नव्हतं. माझ्यापुढे हसते ती तोंडावर हात ठेवून.

मला मुलगी नाही. एक पियुष तेवढा. लग्न होऊन मोनाली घरात आली तेव्हा वाटलं होतं, देवाने उशिरा का होईना दिली. दिली कसली, नुसती दाखवली.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "नाव ठेवणाऱ्यानं पाहूनच ठेवलं तुह्यं." आणि पेपर वाचत बसले.

रविवार, १४ सप्टेंबर

आज बरं झालं. बरं म्हणजे वाईटच झालं, पण थोडक्यात निभावलं.

जिना उतरताना मोनालीचा पाय शेवटच्या पायरीवर जरासा घसरला. पडली नाही, कठडा धरला. मी मात्र घर डोक्यावर घेतलं. पोटात लेकरू आहे आणि ही वानरासारखी वर-खाली करते! बाजारातून मोठं कुलूप आणायला पियुषला पिटाळलं. तो सोयाबीनच्या अडत्याकडे कामाला आहे, तिथे दुसऱ्यांचं सगळं ऐकतो, घरी प्रश्न विचारतो. "कुलूप कायले आई? जिन्याले लाइट लावून देतो ना." मी म्हटलं, वानरं येतात, टाकीचं झाकण काढतात. ते काही खोटं नाही, मागच्या वर्षी आली होती.

गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. कपडे वाळत घालायला मी स्वतः जाईन. आईशी बोलायचं असेल तर संध्याकाळी पियुष आल्यावर कोपऱ्यापर्यंत जाऊन दोन मिनिटं बोलावं, कोणी नाही म्हटलंय?

मोनाली "बरं आई" म्हणाली आणि माझ्याजवळ बसून शेंगा सोलू लागली. पहिल्यांदा अख्खी दुपार ती माझ्याजवळ होती. मी तिला पियुषच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. एकदा हसलीसुद्धा.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल दसरा. आज विहीणबाई आल्या, सातव्या महिन्याची ओटी भरायला. हिरवी साडी, हिरवा चुडा, पाच प्रकारची फळं, वर चार डबे खाण्याचे. आल्या आल्या लेकीची हनुवटी धरून म्हणतात, "काहून वं, अशी उतरली?" मी तिथेच उभी होते. महिनाभर मी त्या पोरीला हातावर झेललं, त्याचं हे सर्टिफिकेट.

मग मुद्द्यावर आल्या. "पहिलं बाळंतपण हाये विहीणबाई, आता घेऊनच जातो पोरीले." रीत आहे, मला काय माहीत नाही? पण मी म्हटलं, दिवाळी तोंडावर आली, लक्ष्मीपूजनाला घरची लक्ष्मी नको का? ह्यांनी लगेच मान डोलावली. लक्ष्मीचं नाव काढलं की हे मान डोलावतातच. दिवाळीनंतर पाठवू, असं ठरलं.

जाताना मायलेकींनी आपसात काहीतरी कुजबुज केली. मी चहाची कपबशी धूत होते, नळ बंद करेपर्यंत त्या उठल्या होत्या.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आज हंसाबाईचा फोन पियुषच्या मोबाइलवर. कधी पाठवता?

मी पियुषला सांगायला लावलं, कापूस वेचणीला आलाय, घरात कोणी नाही, आठ दिवस थांबा. आठ दिवसांनी आठवा लागेल, आणि आठव्या महिन्यात गरोदर बाईला गावाची शीव ओलांडू देत नाहीत, हे हंसाबाईने मला सांगायला नको. रीत तिच्याकडे आहे तशी माझ्याकडेही आहे. एका रीतीला दुसरी रीत लावली. ह्यांना हे सांगितलं नाही, उगाच हसले असते.

म्हणजे अजून दीड महिना मोनाली माझी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मोनालीच्या पिंडऱ्या दुखतात, कंबर दुखते. रात्री पियुष पाय चेपून देतो, हे मला भिंतीपलीकडून कळतं. मी तिळाच्या तेलाने मालिश करून दिली. माझी सासू मला नवव्या महिन्यात निंदायला पाठवायची. मी तर हिला दिवसा दारातसुद्धा उभं राहू देत नाही, वारा लागतो, नजर लागते. तरी दुखतंच. दवाखान्यातल्या कॅल्शियमच्या गोळ्या गरम पडतात, म्हणून त्या एक दिवसाआड दे म्हटलं. ऐकते बिचारी.

ब्लाऊज शिवणाऱ्या सईदाला माप घ्यायला बोलावलं होतं. मोनालीला पाहून म्हणाली, "भाभी, बहू कैसी पीली पड गयी. थोडं उन्हात बसवत जा ना तिले." मी म्हटलं, तू माप घे. पिवळी कुठली, गोरी झालीय. घरात राहिलं की रंग उजळतो, बाळही गोरं होईल.

आज सोल्यांची भाजी केली, तुरीचे हिरवे दाणे आत्ताच यायला लागलेत. दोनदा वाढून घेतली तिने. हंसाबाईला कोपऱ्यावरून फोन करून सांगितलं असेल, सांगू दे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

नेली.

पौष लागायच्या आत न्यायची म्हणून हंसाबाई जीप घेऊनच आल्या. नववा लागला, आता मला बोलायला जागा नव्हती. मोनाली पाया पडली. उठताना तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. जीप वळेपर्यंत मी दारात होते. तिने मागे वळून हात केला, पण हंसाबाईने खिडकीची काच वर केली, वारा लागू नये म्हणून. मी असते तर मीही केली असती, तरी मला राग आला.

घर इतकं गार आहे की आज पहिल्यांदा शाल घेतली.

रविवार, ११ जानेवारी २०२६. उमरखेड

मुलगी झाली! पावणेतीन किलो. मोनाली सुखरूप.

आम्ही इथल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळ हंसाबाईच्या हातात होतं. पहिलं तिनेच घेतलं. मी हात पुढे केले तर म्हणते, "थांबा, दुपट्टं नीट करून देतो." जशी काही मला लेकरू धरता येत नाही. घेतलं तेव्हा नातीने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. पियुषचंच कपाळ आहे. हंसाबाई म्हणाली, मोनालीचं आहे. कपाळावरूनही वाद!

आणखी एक ऐकलं. यवतमाळहून डॉक्टर मंडळी आली आहेत, ती आयांचं आणि नुकत्या जन्मलेल्या लेकरांचं रक्त तपासतात. व्हिटॅमिन किती, कोलेस्टेरॉल किती, आईचं आणि बाळाचं ताडून पाहतात. मोनालीचं आधीच घेतलं होतं, बाळाचं नाळेतून घेतलं. सही हंसाबाईने आणि पियुषने केली. मला कोणी विचारलं नाही. नातीचं पहिलं रक्त गेलं आणि आजीला पत्ता नाही.

शनिवार, १७ जानेवारी. महागाव

अर्धे रिपोर्ट आले, व्हिटॅमिनचे बाहेरगावी पाठवलेत. पियुषने मोबाइलवर दाखवले. मोनालीचं कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट!

ह्यांना मागच्या वर्षी दोनशे दहा निघालं होतं तर डॉक्टरने तूप बंद केलं, तेल मोजून दिलं. आणि ही तर पोरगी. माझ्याकडे होती तोवर मी कसं मोजकं, साधं दिलं. महिन्याभरात विहिणीने तुपाचा मारा केला. डबेच्या डबे लाडू, शिरा, वर अंडी. माया अशी करायची असते? पोरीच्या रक्तात तूप भरून ठेवलं बाईने.

खरं सांगते, रिपोर्ट पाहून काळजी वाटली तेवढंच बरंही वाटलं. आता कागदावर आलं, कोण कशी काळजी घेते ते. बारशाला चार बायांत विषय निघालाच तर मी काही दडवणार नाही.

मंगळवार, २० जानेवारी. उमरखेड

सकाळी बारशाची लुगडी काढत होते, पियुष धावत आला. बाळाला झटके आले. हातपाय आखडले, ओठ निळे पडले. हंसाबाईने तशीच छातीशी धरून गाडीत घातली आणि दवाखाना गाठला.

वाटेत मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. गेल्या गेल्या विचारणार होते, काय केलं माझ्या नातीचं? दहा दिवस सांभाळता आलं नाही? पोचलो तर हंसाबाई वऱ्हांड्यात फरशीवर बसलेली, पायात चप्पल नाही, तशीच निघाली होती. तिच्या मांडीवर मोनालीचं डोकं. मोनाली रडत नव्हती, नुसती काचेच्या दाराकडे बघत होती. आत बाळ, पेटीत, एवढ्याशा हाताला सुई लावलेली.

मी समोरच्या बाकावर बसले. माझ्या मांडीवर ठेवायला काही नव्हतं, म्हणून पिशवी ठेवली. देवा, तिला वाचव. मग तिचं कपाळ कोणाचंही असू दे.

गुरुवार, २२ जानेवारी. उमरखेड

बाळ धोक्याच्या बाहेर आहे. कालपासून झटका नाही. आधी हे लिहिते, बाकी नंतर.

दुपारी तपासणीवाल्या डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना मोनालीच्या खाटेपाशी बोलावलं. वयाने लहान, बोलायला सरळ. म्हणाल्या, बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं म्हणून झटके आले. उतरलं ते व्हिटॅमिन डी नसल्यामुळे. आईच्या रक्तात सात, बाळाच्या नाळेत पाच. निदान वीस तरी पाहिजे. बाळ आईकडूनच घेतं, आईकडेच नसलं तर ते कुठून घेणार?

मला वाटलं, आता वेळ आली. म्हटलं, "मॅडम, कोलेस्टेरॉलबी पाहा ना तिचं! दोनशे अडुसष्ट. तिकडे माहेरी लय तूप चारलं त्याईनं."

डॉक्टरबाई हसल्या. "आजी, गरोदरपणात आईचं कोलेस्टेरॉल वाढतंच. बाळ घडवायला ते लागतं. बाळाचं चौसष्ट आहे, तेही अगदी बरोबर. तुपाला दोष देऊ नका. मला उन्हाचं सांगा."

"उन्हाचं?"

"हे व्हिटॅमिन अंगावर ऊन पडलं की तयार होतं. दुपारचं ऊन, हातापायांवर. बाळाचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. मोनाली, त्या वेळी रोज उन्हात बसायचीस का? गोळ्या घ्यायचीस?"

शेवटचे तीन महिने. मी बोटांवर मोजायला गेले आणि हात पदराखाली घेतला. दिवाळी माझ्या घरी, आठवा माझ्या घरी, नवव्याची सुरुवातही माझ्या घरी. गच्चीची किल्ली आत्ताही माझ्या कमरेला होती, खोचलेल्या जागी टोचत होती.

मोनाली म्हणाली, "मलेच जिना चढवत नव्हता, मॅडम. आई तर लय वेळा म्हणत होत्या, जाऊन बस उन्हात. अन् गोळ्यायनं मले मळमळ होये, म्हणून मीच सोडत होती."

हंसाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत आहे. सप्टेंबरात तिचा दुपारचा फोन बंद झाला, तो कशाने झाला हे समजायला तिला रक्त तपासावं लागत नाही. भर वॉर्डात तिने माझी लक्तरं काढली असती तरी मला तोंड नव्हतं. ती काय म्हणाली, तर, "लहानपणापासून आळशीच हाये पोट्टी. उन्हात म्हणून बसाची नाही."

मायलेकी दोघी माझ्यासाठी खोटं बोलल्या. आणि मला काय वाटलं ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? मला हंसाबाईचा आजवर वाटला नव्हता एवढा हेवा वाटला. तुपाचा नाही, लाडवांचा नाही, पहिल्यांदा बाळ हातात घेण्याचाही नाही. अशी पोरगी हिने वाढवली याचा. मनात आलं, देवाने मला अशी एक दिली असती तर. मग आठवलं, दिली होती, मी तिला कुलपात ठेवली. तेवढ्यात नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली.

मी डॉक्टरबाईंच्या मागे वऱ्हांड्यात गेले. खरं सांगायला गेले होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "मॅडम, आता लेकीले अन् नातीले काय काय द्याचं ते मलेबी सांगून ठेवा." त्यांनी सांगितलं. थेंब कोणते, गोळ्या किती दिवस, एकही चुकवायची नाही. मी दोनदा म्हणून दाखवलं.

मंगळवार, २७ जानेवारी. महागाव

सुट्टी मिळाली. बाळ आता चांगलं दूध ओढतं, रडतं तर वॉर्ड दणाणतो.

पियुषने दवाखान्याच्या दारात विचारलं, "आई, गाडी कुठं घ्याची?" महागावला घेऊ, असं मीच त्याला मागच्या आठवड्यात बजावलं होतं. एवढं झाल्यावर लेकरू आपल्याच घरी हवं म्हणून. पाळणा धुऊन, दोरी बदलून तयार आहे. मोनालीने माझ्याकडे पाहिलं. बाळाला जरा जवळ ओढलं. ते ओढणं मी पाहिलं. ती मला भिते. मी तिला कधी हातसुद्धा लावला नाही, आवाज चढवला तो एकदाच, आणि ती मला भिते.

मी म्हटलं, "ढाणकीलेच न्या विहीणबाई. तुमच्या आंगणात ऊन येते."

हंसाबाईने माझा हात धरला. "तुम्हीबी चला ना चार दिवस."

गेले नाही. माझ्याने तिथे बसवलं नसतं, सगळ्यात आधी हातात कोण घेतं तेच पाहत राहिले असते. माझी मला ओळख आहे. मोनालीला मात्र जवळ जाऊन हळूच म्हटलं, "कुलूप काढून टाकतो पोरी." ती म्हणाली, "वानरं येतीन ना आई." तोंडावर हात न ठेवता हसली. मला रडू आलं, मी ते गाडीच्या धुरावर ढकललं.

घरी येऊन पहिलं काम ते केलं. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

दुपारी जेवण झालं की मी आता गच्चीवर जाते. टाकीपाशी पोतं टाकलंय. गुडघे कुरकुरतात, पण रेंज दुसरीकडे कुठे येत नाही. हे खालून ओरडतात, "सत्यभामा, चहा!" मी ऐकत नाही.

पहिले काही दिवस मीच फोन लावायचे. बाळाला थेंब दिले का, तू उन्हात बसलीस का, गोळी घेतलीस का. मोनाली हो आई, हो आई म्हणायची. मागून हंसाबाईचा आवाज यायचा, अंगाईचा, नाही तर कोणाला तरी हाक मारल्याचा, आणि मला अजून हेवा वाटायचा. आजही वाटला. बाळ हसायला लागलंय म्हणे, हंसाबाईकडे बघून. मी म्हटलं, एवढ्या लवकर कोणी हसत नाही, पोटात वायू झाला असेल. असो. ते काही एका महिन्यात जायचं नाही.

आज मात्र फोन तिकडून आला. मी अजून पोत्यावर नीट बसलेही नव्हते.

"आई, गच्चीवर हाये ना? डोक्यावर पदर घ्या, ऊन लागन."

म्हटलं, घेतलाय.

मग म्हणाली, "आज काय जेवल्या वं आई?"

ह्यांनी, पियुषने, माझ्या सासूने, कोणी मला हे कधी विचारलेलं नव्हतं. माझी आई विचारायची, तिला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी काहीच नाही, भाकर आणि भाजी, असं म्हणणार होते. पण ती पलीकडे थांबली होती, तिला ऐकायचं होतं.

मी भिंतीला टेकून बसले, पाय उन्हात पसरले आणि भाकरीपासून सांगायला सुरुवात केली.